झोपी गेलेल्या जंतूंचा शोध

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना एका रोगाने अगदी जेरीस आणले होते. सकाळी कळपाबरोबर बागडत कुरणात गेलेली मेंढी सायंकाळी मान टाकी. धडधाकट बैल पाहता पाहता थरथर कापू लागे, धापा टाकी आणि कोसळून पडे. मेलेल्या जनावराचे रक्त काळसर झालेले असे व ते नीट गोठत नसे. ह्या रोगाचे नाव अँथ्रॅक्स. आपल्याकडे त्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात. हा रोग केवळ जनावरांनाच होई असे नाही. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा, लोकर निवडणारा, खाटीक, धनगर ह्यांपैकी कोणाच्याही हातावर एखादे दिवशी काळी पुळी उठे आणि कित्येकदा तो मनुष्य त्या दुखण्यातून उठतच नसे. रशियातील नॉव्हगोरॉड भागात १८६७ ते १८७० ह्या काळात ५६ हजारांहून अधिक जनावरे आणि ५२८ माणसे ह्या रोगाला बळी पडली.

ह्या रोगाचे एक विलक्षण कोडे होते. एखाद्या कुरणात रोगाची साथ येऊन जाई. मेलेली जनावरे पुरून टाकली जात. कुरण ओसाड पडे. काही वर्षांनी, आता रोग गेला असेल अशा समजुतीने एखादा शेतकरी तेथे निरोगी मेंढ्या चरावयास नेई आणि त्या पुन्हा पटापट मरू लागत! मधल्या काळात तेथे एकही आजारी जनावर फिरकलेले नसे. मग रोग आला कोठून? फ्रान्समधील लोक अशा जागांना शापित शेतेच म्हणत. शापाला उपाय काय करणार? जमीन टाकून देणे, एवढेच गरीब शेतकऱ्याच्या हाती उरे.

हे कोडे ज्याने सोडविले, तो मनुष्य त्या वेळी कोणी नामांकित प्राध्यापक नव्हता. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालय नव्हते, मदतनीसही नव्हते. तो एका आडगावातील साधा सरकारी डॉक्टर होता. त्याचे नाव रॉबर्ट कॉख.

रॉबर्टचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउसथाल ह्या गावी झाला. हार्ट्‌झ पर्वताच्या कुशीत वसलेले हे गाव खाणींसाठी प्रसिद्ध होते. रॉबर्टचे वडील खाणीवरच अधिकारी होते. घरात तेरा भावंडे. त्यामुळे श्रीमंती अशी नव्हती, पण शिक्षणाची आवड होती. रॉबर्ट पाच वर्षांचा असताना वर्तमानपत्र पाहून आपले आपणच वाचावयास शिकला, असे सांगतात. शाळेत जाऊ लागल्यावरही त्याचे मन पुस्तकांइतकेच रानावनात रमे. शेवाळ, किडे, दगड, खनिजे असे जे जे हाती लागेल ते ते तो गोळा करी आणि नीट मांडून ठेवी. त्याच्या मामाला छायाचित्रणाची हौस होती. मामाने भाच्यालाही ती कला दाखविली. पुढे हीच कला ह्या भाच्याच्या फार उपयोगी पडली. मोठेपणी दूरदूरच्या देशांत प्रवास करावा, नवे प्रदेश पाहावे, असे स्वप्न हा मुलगा उराशी बाळगून होता.

१८६२ मध्ये रॉबर्ट गटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला याकोब हेन्ले नावाचे थोर गुरू लाभले. साथीचे रोग हे दूषित हवेमुळे होतात, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. हेन्ले ह्यांनी मात्र १८४० मध्येच असे प्रतिपादन केले होते की, संसर्गजन्य रोगांचे मूळ कोणत्या तरी अतिसूक्ष्म सजीवांत असले पाहिजे. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते, पण त्याला पुरावा नव्हता. तो पुरावा आपल्याच एका विद्यार्थ्याच्या हातून मिळणार आहे, हे गुरूला त्या वेळी कोठून ठाऊक असणार?

१८६६ मध्ये रॉबर्ट डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी एमी फ्रात्स ह्या तरुणीशी त्याचा विवाह झाला. आता संसार आला आणि दूरदेशीच्या प्रवासाचे स्वप्न मागे पडले. डॉ. कॉख ह्यांनी पोटासाठी एकामागून एक गावे पालथी घातली. १८७० मध्ये जर्मनी आणि फ्रान्स ह्यांच्यात युद्ध पेटले. दृष्टी अधू असूनही ते स्वेच्छेने सैन्यात वैद्य म्हणून गेले. युद्धावरून परतल्यावर १८७२ मध्ये त्यांना व्होलश्टाइन येथे जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा मिळाली. हे गाव आज पोलंड देशात आहे. दिवसभर रुग्ण तपासावे, घोडागाडीतून खेडोपाडी जावे आणि रात्री थकून घरी यावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

ह्याच काळात त्यांच्या घरी एक सूक्ष्मदर्शक यंत्र आले. पत्नीने ते त्यांना वाढदिवसानिमित्त भेट दिले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. कॉख ह्यांना तर धनाचा हंडाच सापडल्यासारखे झाले! रुग्ण तपासण्याच्या खोलीतच त्यांनी एक पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूस दवाखाना आणि दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा. व्होलश्टाइनच्या परिसरात काळपुळीने मेंढ्या मरत होत्याच. कॉख ह्यांनी मेलेल्या मेंढीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि यंत्रातून पाहिला. रक्तपेशींच्या मधून त्यांना काड्यांसारखे सरळ, बारीक जंतू पडलेले दिसले.

ह्या काड्या पूर्वीही काहींनी पाहिल्या होत्या. फ्रान्समधील दाव्हेन ह्या शास्त्रज्ञाने तर ह्याच काड्या रोगाचे कारण असाव्यात असेही म्हटले होते. परंतु त्याला विरोध करणारे पुष्कळ होते आणि त्यांचा आक्षेपही खोटा नव्हता. ह्या काड्या फार नाजूक असतात. रोगट रक्त वाळले की थोड्याच दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, त्या मरून जातात. जो जंतू काही आठवडेही तग धरू शकत नाही, तो कुरणाच्या मातीत उन्हापावसाला तोंड देत वर्षानुवर्षे कसा राहील? दाव्हेनजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

कॉख ह्यांनी वादात न पडता प्रयोगाला हात घातला. मेंढ्या विकत घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून त्यांनी उंदीर घेतले. टोचण्यासाठी सुई घेण्याऐवजी त्यांनी लाकडाच्या बारीक सळया तापवून शुद्ध केल्या. अशी एक सळई रोगट रक्तात बुडवून त्यांनी उंदराच्या शेपटीला केलेल्या चिरेत घातली. दुसरे दिवशी उंदीर मेला. त्याच्या प्लीहेत त्याच काड्या दिसल्या, पण आता त्या असंख्य झाल्या होत्या. त्या उंदरापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशा रीतीने त्यांनी वीस उंदरांपर्यंत रोग पोचविला. प्रत्येक वेळी तोच रोग, त्याच काड्या.

पण ह्यामुळे कोडे सुटले नव्हते. काड्या वाढतात कशा, हे डोळ्यांनी पाहावयास हवे होते. उंदराच्या शरीराच्या आत पाहणार कसे? जंतूंना शरीराबाहेर वाढवावयाचे तर त्यांना मानवेल असे स्वच्छ, पारदर्शक अन्न हवे. विचार करता करता कॉख ह्यांना बैलाच्या डोळ्यातील पाण्याची आठवण झाली. खाटकाकडून त्यांनी बैलाचे ताजे डोळे आणविले, त्यांतील निर्मळ पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला व त्यात रोगट प्लीहेचा अगदी लहानसा कण टाकला. दुसरी काच झाकण म्हणून ठेवून त्यांनी तो थेंब अंगाच्या उष्णतेइतका उबदार राहील अशी व्यवस्था केली. मग ते यंत्राला डोळा लावून बसले. तास गेले. काड्या लांबू लागल्या. त्यांचे धागे झाले. पहिल्या काडीच्या शंभर शंभर पटींनी लांब असे ते धागे दोऱ्यांच्या गुंत्याप्रमाणे एकमेकांत गुंतून गेले.

आणि मग एक नवल घडले. काही तासांनी त्या धाग्यांत ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे लकाकणारे, लांबट गोल मणी झाले. धागा जणू मोत्यांची माळच भासू लागला. पुढे धागे विरघळून गेले आणि मणी तेवढे मागे राहिले. कॉख ह्यांनी ते मणी वाळविले, ठेवून दिले आणि पुष्कळ दिवसांनी पुन्हा डोळ्यातील ताज्या पाण्याच्या थेंबात सोडले. ते निर्जीव वाटणारे मणी फुटले आणि त्यांतून पूर्वीच्याच काड्या बाहेर आल्या! उंदराला टोचताच त्या काड्यांनी पूर्वीप्रमाणेच त्याचा प्राण घेतला.

मणी म्हणजे जंतूंचे बीजाणू होते. शापित कुरणांचा शाप तो हाच! काड्या मरत होत्या हे खरे; पण मरण्यापूर्वी त्या आपला जीव ह्या टणक पेटीत बंद करून ठेवीत होत्या.

हे बीजाणू जंतूंनी का बनवावेत? पुढील काळातील शास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचा खोलवर अभ्यास केला आहे. त्याचे उत्तर एका शब्दात सांगावयाचे तर ते आहे, उपासमार. जनावराच्या रक्तात जंतूला अन्नाची रेलचेल असते; म्हणून तेथे तो बीजाणू न बनविता नुसता वाढत राहतो. जनावर मरते, रक्त मातीवर सांडते, त्याला हवा लागते आणि अन्न सरत जाते. तेव्हा जंतूपुढे जीवनमरणाचा प्रसंग उभा राहतो. गवताच्या काढ्यात सापडणारा एक निरुपद्रवी जंतू ह्याच जातकुळीतला आहे. त्याच्यावर केलेल्या प्रयोगांवरून असे दिसते की, अन्न तुटले म्हणून हा जंतू लगेच झोपी जात नाही. आधी तो अन्नाच्या शोधात पोहत जातो. जे पदार्थ एरवी तो खात नाही ते पचविण्यासाठी निराळे पाचक रस सोडतो. वेळ पडल्यास आपल्याच भाऊबंदांना मारून त्यांच्यावर काही काळ निभावून नेतो. हे सर्व उपाय हरले म्हणजे मग तो बीजाणू बनविण्याचा निश्चय करतो. कारण हे काम खर्चाचे आहे. त्याला सात-आठ तास लागतात आणि ते अर्ध्यावर पोचले की मागे फिरता येत नाही.

हे काम कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. प्रथम जंतू आपल्या आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार करतो. मग पेशीच्या मधोमध नव्हे, तर एका टोकाजवळ पडदा पडतो. त्यामुळे एक मोठी व एक लहान अशा दोन खोल्या होतात आणि प्रत्येकीत एक एक प्रत राहते. मोठी खोली ही मातृपेशी. ती लहान पेशीला सर्व बाजूंनी वेढून आपल्या पोटात घेते आणि तिच्याभोवती एकावर एक आवरणे चढविते. आतील पाणी बरेचसे बाहेर काढले जाते; त्याच्या जागी चुन्याच्या धातूचा, म्हणजे कॅल्शियमचा, एक क्षार साठतो. आनुवंशिक द्रव्याला विशेष प्रथिने घट्ट बिलगून त्याचे रक्षण करतात. बीजाणू पुरा झाला की मातृपेशी स्वतः विरघळून नाहीशी होते. आपण पेरणीसाठी राखून ठेवतो ते बी जसे कणगीत निजून असते, तसाच हा बीजाणू निजून राहतो. तो खात नाही, वाढत नाही. ऊन, थंडी, कोरडेपणा ह्यांचे त्याला भय नसते. मात्र त्याची झोप सावध असते. भोवती पुन्हा पाणी आणि योग्य अन्नाचे कण आले की ते त्याला कळते. काही मिनिटांतच तो पाणी शोषून फुगू लागतो, कवच फुटते आणि जंतू जागा होतो.

ही झोप किती लांबू शकते ह्याची उदाहरणे अंगावर काटा आणणारी आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर ह्या बीजाणूंचे प्रयोग केले. त्यानंतर ते बेट कित्येक दशके मनुष्यवस्तीला बंद ठेवावे लागले. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेल्या औषधाने तेथील माती भिजवून काढली, तेव्हा कोठे १९९० मध्ये ते बेट निर्धोक ठरले. २०१६ मध्ये रशियातील सायबेरियाच्या उत्तर भागात असाधारण उष्मा झाला. पूर्वी काळपुळीने मेलेल्या जनावरांचे गोठलेले अवशेष त्यामुळे उघडे पडले, असे मानले जाते. त्या साथीत दोन हजारांहून अधिक रेनडिअर आणि एक बारा वर्षांचा मुलगा मरण पावला.

आता पुन्हा व्होलश्टाइनला जाऊ. एवढा मोठा शोध लागला, पण तो सांगावयाचा कोणाला? एप्रिल १८७६ मध्ये कॉख ह्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांट कोन ह्यांना पत्र लिहिले. कोन हे जंतूंचे मोठे जाणकार होते आणि त्या सुमारास गवताच्या काढ्यातील जंतूंचा अभ्यास करीत होते. काढा उकळला तरी काही जंतू कसे वाचतात, हे त्यांनीही बीजाणूंच्या साहाय्यानेच उलगडले. कोन ह्यांनी ह्या अनोळखी डॉक्टरला बोलावून घेतले. ३० एप्रिल रोजी कॉख आपले यंत्र, काचा आणि उंदीर घेऊन तेथे पोचले व त्यांनी तीन दिवस आपले सर्व प्रयोग विद्वानांसमक्ष करून दाखविले. पाहणारे थक्क झाले. त्याच वर्षी कोन ह्यांनी आपल्या नियतकालिकात कॉख ह्यांचा निबंध छापला. एका विशिष्ट रोगाचे कारण एक विशिष्ट जंतू असतो, हे त्या निबंधाने प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत सिद्ध केले. हेन्ले ह्यांचा तर्क खरा ठरला.

शेतकऱ्यांना ह्या शोधाचा लगेच उपयोग झाला. बीजाणू बनण्यास हवा आणि ऊब लागते, हे कॉख ह्यांनी पाहिले होते. तेव्हा मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. जाळावे अथवा जेथे उन्हाची ऊब पोचत नाही इतके खोल पुरावे, असे त्यांचे सांगणे होते. काळपुळीने मेलेले जनावर फाडू नये, असे आजही पशुवैद्य बजावून सांगतात, त्याचे कारण हेच. पुढे फ्रान्समधील लुई पाश्चर ह्यांनी जमिनीत पुरलेले बीजाणू गांडुळांमुळे वर येतात असे दाखविले आणि १८८१ मध्ये ह्या रोगावरील लस मेंढ्यांना टोचून तिचा गुण सर्वांसमक्ष सिद्ध केला. कॉख आणि पाश्चर हे दोघेही थोर. पण त्यांच्या देशांत नुकतेच युद्ध होऊन गेले होते आणि ह्या दोघांनीही एकमेकांवर कठोर टीका केली. थोरांच्या ठायीही असा उणेपणा असतो.

१८८० मध्ये कॉख ह्यांना बर्लिनच्या सरकारी आरोग्य कचेरीत बोलावणे आले. आता त्यांना प्रयोगशाळा आणि हुशार सहकारी मिळाले. निरनिराळे जंतू एकमेकांत मिसळू न देता कसे वाढवावे, ही त्या काळची मोठी अडचण होती. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर जंतूंचे वेगवेगळे ठिपके उमटलेले पाहून, पातळ अन्नाऐवजी घट्ट अन्न वापरावे ही युक्ती कॉख ह्यांना सुचली. प्रथम त्यांनी जिलेटिन वापरले, पण ते उबेने वितळे. त्यांच्या एका सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस ह्या घरी मुरंबे घट्ट करण्यासाठी अगर नावाचा समुद्रशेवाळाचा पदार्थ वापरीत. तो वापरून पाहावा असे त्यांनी सुचविले. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू वाढतात ते ह्या अगरवरच. शस्त्रे व भांडी वाफेने निर्जंतुक करण्याचे प्रयोगही कॉख ह्यांनी सहकाऱ्यांसह १८८१ मध्ये केले. साध्या उकळीला न जुमानणारे बीजाणू दाबाखालील १२१ अंश उष्णतेच्या वाफेत मरतात. रुग्णालयांतील उपकरणे आज ह्याच रीतीने शुद्ध करतात.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख ह्यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. त्या काळी दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होत असे. तो दिवस आजही जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. हा जंतू बीजाणू बनवीत नाही. पण उपासमारीवर त्याचा निराळाच उपाय आहे. शरीरातील संरक्षक पेशी त्याच्याभोवती गराडा घालून गाठ बांधतात. आत प्राणवायू थोडा आणि अन्न तुटपुंजे. तेव्हा हा जंतू आपली वाढ जवळजवळ थांबवितो, शरीरातील स्निग्ध पदार्थांवर कसाबसा गुजारा करतो आणि मनुष्य अशक्त होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहतो. अशा संथ जंतूंवर औषध लवकर लागू पडत नाही. क्षयाचे औषध बरे वाटू लागल्यावरही कित्येक महिने न चुकता घ्यावे लागते, ह्याचे हे एक मोठे कारण आहे.

१८८३ मध्ये इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. कॉख आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले. पाश्चर ह्यांचे शिष्यही तेथे आले होते. त्यांच्यातील तरुण शास्त्रज्ञ थुइये हा पटकीनेच मरण पावला. तेव्हा स्पर्धा विसरून कॉख त्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि त्यांनी त्याच्या शवपेटिकेवर पुष्पचक्र वाहिले. इजिप्तमधील साथ ओसरली, म्हणून कॉख डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्यास आले. तेथे रुग्णांच्या आतड्यांत आणि लोक ज्याचे पाणी पीत त्या तळ्यातही त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचा वाकडा जंतू सापडला. हा जंतू १८५४ मध्ये इटलीतील पाचिनी ह्यांनी पाहिला होता, परंतु त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. पाण्यात अन्न मिळेनासे झाले म्हणजे हा जंतू आक्रसून अगदी लहान होतो, आपला खर्च कमी करतो आणि पाण्यातील बारीक जलचरांना चिकटून दिवस काढतो. म्हणूनच बांगलादेशातील खेड्यांत स्त्रियांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळावयास आरंभ केला, तेव्हा तेथील पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. जंतू कापडातून सहज निसटेल, पण तो ज्यांच्या पाठीवर बसला आहे ते जलचर अडकतात!

यशाच्या शिखरावर असताना कॉख ह्यांच्या हातून एक गंभीर चूक झाली. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर गुणकारी द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. त्याचे नाव ट्युबरक्युलिन. ते कशापासून बनविले हे मात्र त्यांनी प्रथम गुप्त ठेवले. देशोदेशींचे क्षयी लोक मोठ्या आशेने बर्लिनकडे धावले. थोड्याच महिन्यांत ती आशा मावळली. औषधाने रोग बरा होत नव्हता. काहींचा आजार उलट बळावला आणि काही दगावले. ज्या मनुष्याने एका थेंबाचे खरेखोटे ठरविण्यासाठी रात्रीच्या रात्री जागून काढल्या, त्यानेच येथे घाई केली होती. पुढे तेच द्रव्य क्षयाची लागण ओळखण्याच्या कामी आले, एवढेच समाधान.

निराशेने ते खचून गेले नाहीत. १८९१ मध्ये बर्लिनला त्यांच्यासाठी संसर्गजन्य रोगांची एक संस्था स्थापन झाली. १८९६ मध्ये ते गुरांच्या बुळकांडी रोगाच्या अभ्यासासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथून १८९७ मध्ये ते आपल्या मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी प्लेगने हाहाकार उडविला होता आणि त्याच्या पाहणीसाठी जर्मनीचे एक वैद्यकीय पथक आले होते. त्या पथकाबरोबर कॉख ह्यांनी काम केले. लहानपणी पाहिलेले दूरदेशीच्या प्रवासाचे स्वप्न अशा रीतीने पुरे झाले. मात्र ह्या प्रवासात ते जेथे जेथे गेले तेथे तेथे मृत्यूचे थैमान चालू होते.

१९०५ मध्ये क्षयरोगावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनच्या त्यांच्या संस्थेतच ठेवल्या आहेत.

कॉख ह्यांच्यापूर्वीही काळपुळीच्या काड्या अनेकांनी पाहिल्या होत्या. काड्या मरून जातात हेही अनेकांनी पाहिले होते. मग कॉख ह्यांचे वेगळेपण कशात? इतरांनी यंत्रावरून डोळा काढला, त्यानंतरही ते पाहत राहिले. भरल्या ताटावर बसलेला जंतू सर्वांच्या दृष्टीस पडला होता. ताट रिकामे झाल्यावर तो काय करतो, हे पाहण्याचा धीर व्होलश्टाइनच्या त्या आडगावातील डॉक्टरने धरला. त्या धीराचे फळ म्हणून कुरणांवरील शाप ही शाप न राहता उपाय करता येईल अशी गोष्ट झाली आणि कित्येक मेंढपाळांची टाकलेली जमीन पुन्हा हिरवी होण्याची वाट मोकळी झाली.